बाथला जाताय? पाण्याकडे काय मागायचे ते आधी ठरवा

मुलगा किंवा मुलगी इंग्लंडमध्ये नोकरीला असलेले आई-वडील हा आता आमच्या दवाखान्यातला नेहमीचा वर्ग झाला आहे. एप्रिल-मे जवळ आला की रक्तदाब, साखर, ईसीजी तपासून घ्यायला येतात. फिरण्याच्या यादीत लंडन असते, स्टोनहेंज असते आणि बहुतेकदा बाथ नावाचे गावही असते. मग प्रश्न येतो, "डॉक्टर, तिथे गरम पाण्याचे झरे आहेत म्हणे. गुडघ्यांना बरे पडेल का?" एवढ्यावर थांबले तर ठीक. पण काही जण पुढे विचारतात, "तेवढे दिवस गोळ्या बंद ठेवल्या तर पाण्याचा गुण नीट कळेल, नाही का?"

हा दुसरा प्रश्न मला काळजीत टाकतो. गोळ्या बंद करण्याचा विचार वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांना जाणारेही करतात. पण परदेशात, घरापासून हजारो किलोमीटरवर, रक्तदाब किंवा साखर बिघडली तर निस्तरणे फार अवघड जाते. म्हणून माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. बाथला जरूर जा, जमल्यास दोन दिवस काढून जा. मात्र एक सुंदर, जुने गाव पाहायला जा, उपचार घ्यायला नको. असे का म्हणतो, याचे उत्तर त्या गावाच्या इतिहासातच आहे.

हे पाणी येते कुठून?

बाथ हे इंग्लंडच्या नैऋत्य भागातले एव्हन नदीकाठचे शहर आहे. जवळच्या मेंडिप टेकड्यांवर हजारो वर्षांपूर्वी पडलेला पाऊस चुनखडीच्या खडकांतून मुरत खूप खोल जातो. तिथे पृथ्वीच्या उष्णतेने तापतो आणि भेगांतून पुन्हा वर येतो. गावातल्या मुख्य झऱ्याचे पाणी सुमारे ४६ अंश सेल्सिअस तापमानाचे असते आणि रोज ११ लाख लिटरहून अधिक वाहते. त्यात कॅल्शियम, सल्फेट, सोडियम, क्लोराइड असे क्षार असतात. थोडे लोहही असते, त्यामुळे दगडांवर तांबूस-नारिंगी थर चढलेला दिसतो. यात गूढ काही नाही. आपल्याकडची कोकणातली उन्हाळी, वज्रेश्वरीची कुंडे यांतही जमिनीत खोल मुरलेले पाणी तापून वर येते.

लोकांनी या पाण्याकडे काय काय मागितले

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लोकांनी या झऱ्याभोवती देऊळ आणि स्नानगृहे बांधली. स्थानिक देवी सुलिस आणि त्यांची मिनर्व्हा या दोघींना एक मानून ते तिची पूजा करत. उत्खननात या झऱ्यातून शिशाचे सुमारे १३० पातळ पत्रे निघाले. त्यांवर भक्तांनी देवीला लिहिलेली गाऱ्हाणी आहेत आणि त्यातली बरीचशी चोरीची आहेत. माझा झगा चोरला, माझे हातमोजे गेले, चोराला शिक्षा कर, अशा स्वरूपाची! म्हणजे रोमन माणूस या पाण्याकडे न्याय मागत होता.

अठराव्या शतकात मागणी बदलली. गाऊट, सांधेदुखी, लकवा, त्वचारोग घेऊन श्रीमंत लोक बाथला येऊ लागले. त्यांच्यासाठी देखण्या इमारती उभ्या राहिल्या. आज आपण ज्यांचे फोटो काढतो, त्या बहुतेक त्याच काळातल्या. गरिबांसाठी १७३८ साली एक रुग्णालय स्थापन झाले आणि १७४२ पासून तिथे रुग्ण घेऊ लागले. पुढे ते संधिवाताचे नामांकित रुग्णालय झाले.

त्या रुग्णालयाचे नियम वाचण्यासारखे आहेत. रुग्णाने डॉक्टरचे पत्र आणायचे. परतीच्या प्रवासासाठी किंवा वेळ आलीच तर अंत्यविधीसाठी अनामत रक्कम भरायची. अंगावर पितळी बिल्ला लावायचा, म्हणजे दारूच्या गुत्त्यात गेला तर ओळखू येईल. रुग्णांचा मुक्काम आठवडे, कधी महिने चाले. आणि रुग्ण घरी जाताना त्याची अवस्था नोंदवहीत लिहिली जाई: बरा झाला, सुधारला, फरक नाही. ही शेवटची गोष्ट फार मोलाची ठरली.

शिशाचा लकवा: पाण्याने खरोखर केलेले काम

त्या नोंदींमध्ये लकव्याचे पुष्कळ रुग्ण होते. त्यातले अनेक आपण आज ज्याला पक्षाघात म्हणतो त्याचे नव्हते, तर शिशाच्या विषबाधेचे होते. रंगारी, नळकारागीर यांच्या अंगात कामातून शिसे जाई. सायडर आणि दारूमधूनही ते पोटात जाई. शिशाने हाताच्या नसा निकामी होतात आणि मनगट लुळे पडते. १७६० नंतरच्या शतकभरात असे तीन हजारांहून अधिक रुग्ण तिथे दाखल झाले आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांपुढे 'बरा झाला' अशी नोंद आहे.

ही नोंद खरी मानायची का? १९८० च्या दशकात ब्रिस्टलच्या संशोधकांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. माणसांना गळ्यापर्यंत पाण्यात काही तास बसवून त्यांनी लघवी आणि रक्त तपासले. लघवीचे प्रमाण वाढले, सोडियम बाहेर पडले आणि शिसेही नेहमीपेक्षा जास्त बाहेर पडले.

याचे कारण समजून घेतले की पुढच्या सूचना आपोआप समजतील. गळ्यापर्यंत पाण्यात उतरलात की पाण्याचा दाब पाय आणि पोटावर पडतो. तिथले सुमारे ७०० मिलिलिटर रक्त छातीकडे सरकते. हृदयाचे कप्पे ताणले जातात. शरीराला वाटते की रक्त जास्त झाले, आणि मूत्रपिंडाला संदेश जातो की पाणी आणि मीठ बाहेर टाक. हा परिणाम पाण्याच्या दाबाचा आहे. साध्या नळाच्या पाण्याने भरलेल्या तलावातही तो होतो.

आता त्या रुग्णाच्या बाजूने बघा. तो रंगाच्या कारखान्यापासून दूर आला. दारू बंद झाली. दोन वेळा बरे अन्न मिळाले. आठवडेच्या आठवडे गळ्यापर्यंत पाण्यात बसला आणि शिसे थोडे अधिक वेगाने बाहेर पडले. नसा हळूहळू सुधारल्या. म्हणजे रुग्ण खरेच बरे होत होते, पण ज्या कारणाने होतात असे लोक मानत होते, त्या कारणाने नाही. एक दिवसाच्या सहलीत दोन तास डुंबून यातले काहीही साधत नाही, हेही यातून कळते.

लाकडाच्या कांड्या

आणखी एक गोष्ट याच गावात, याच रुग्णालयात घडली. माझ्या मते बाथने वैद्यकशास्त्राला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस एलिशा पर्किन्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरने धातूच्या दोन टोकदार कांड्यांचे पेटंट घेतले होते. दुखऱ्या भागावरून त्या फिरवल्या की वेदना जातात, असा दावा होता. बाथमध्येही त्यांचे फार कौतुक झाले. तिथले डॉक्टर जॉन हेगार्थ यांना शंका आली. १७९९ च्या जानेवारीत त्यांनी लाकडाच्या, पण हुबेहूब तशाच दिसणाऱ्या कांड्या तयार करून घेतल्या आणि जुन्या संधिवाताच्या पाच रुग्णांवर फिरवल्या. पाचपैकी चौघांनी आराम वाटल्याचे सांगितले! दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या कांड्या वापरल्या, तर परिणाम जवळपास तोच. पुढच्या वर्षी हेगार्थ यांनी हे पुस्तकरूपाने छापले. मनाची अपेक्षा आजार वाढवू शकते आणि कमीही करू शकते, हा त्याचा सारांश.

कृपया याचा अर्थ "ते रुग्ण खोटे बोलत होते" असा घेऊ नका. त्यांना खरोखर कमी दुखत होते. वेदना मेंदूत जाणवते आणि विश्वास, आशा, कोणीतरी आपल्याकडे लक्ष देत आहे ही भावना यांनी ती कमी होते. पण वेदना कमी झाली म्हणजे सांध्यातला आजार कमी झाला असे नव्हे. आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांना तर वेदनाच नसते. "मला बरे वाटतेय" हा त्यांच्या बाबतीत पुरावा होऊच शकत नाही. म्हणून पाण्याचा गुण पाहण्यासाठी गोळी बंद करणे हा प्रयोगच चुकीचा आहे. बरे तर तुम्हाला वाटेलच, आणि तरीही रक्तदाब वर गेलेला असेल.

मग गुडघ्यांचे काय?

कोमट पाण्यात वजन हलके होते, स्नायू सैल पडतात आणि जमिनीवर दुखणारी हालचाल पाण्यात सोपी जाते. झिजलेल्या गुडघ्यांच्या रुग्णांवर खनिज पाण्याच्या स्नानाचे अभ्यास झाले आहेत. काही जणांना काही आठवडे बरे वाटते. मात्र हे अभ्यास लहान आहेत. शिवाय रुग्णाला आपण गरम झऱ्यात बसलो आहोत की नळाच्या पाण्यात, हे कळू न देणे अवघड असते. म्हणजे हेगार्थ यांचीच शंका इथेही उभी राहते.

माझा सल्ला साधा आहे. पाण्यात बरे वाटत असेल तर आनंद घ्या. पण गुडघ्यांना टिकाऊ फायदा वजन आटोक्यात ठेवल्याने, मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या रोजच्या व्यायामाने आणि नियमित चालण्याने होतो. हे तिन्ही पुण्यात, नाशकात, साताऱ्यात फुकट मिळते. आमवातासारख्या आजारात तर औषधे वेळेवर चालू ठेवणे हाच सांधे वाचवण्याचा मार्ग आहे. खुद्द बाथमध्येही आज संधिवाताचे रुग्ण औषधे आणि फिजिओथेरपी घेतात.

'नैसर्गिक' म्हणजे सुरक्षित नव्हे

१९७८ साली बाथच्या रोमन स्नानगृहात पोहलेल्या एका लहान मुलीचा मेंदूज्वराने मृत्यू झाला. कारण होते नेग्लेरिया नावाचा अमिबा. केरळमधल्या बातम्यांमुळे 'मेंदू खाणारा अमिबा' हे नाव आता आपल्यालाही परिचित आहे. तो कोमट, गोड्या पाण्यात वाढतो आणि पाणी नाकात जोरात गेले तर तिथून मेंदूपर्यंत पोहोचतो. ते पाणी पिऊन हा आजार होत नाही. आजार फार विरळ आहे, पण झाला तर बहुधा जीवघेणा.

त्यानंतर तिथली सार्वजनिक स्नाने बंद झाली. नवीन बोअर घेऊन खोलवरचे स्वच्छ पाणी आणले गेले आणि २००६ साली आधुनिक, प्रक्रिया केलेल्या पाण्याचा स्पा सुरू झाला. रोमन स्नानगृहात मात्र आजही कोणाला उतरू देत नाहीत. तो मोठा तलाव हिरवा दिसतो, कारण वरचे रोमन छप्पर गेल्याने ऊन पडून शेवाळ वाढते. त्याचा तळ रोमन काळातल्या शिशाच्या पत्र्यांचा आहे. पाण्यात हात घालू नका अशा सूचना तिथे आहेत, त्या पाळा. नातवंडे बरोबर असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

कोणी पाण्यात उतरू नये, कोणी जपून उतरावे

नव्या स्पातल्या तलावांचे पाणी साधारण ३३ ते ३४ अंशांचे असते, म्हणजे शरीराच्या तापमानापेक्षा थोडे कमीच. त्यामुळे भाजण्याची भीती नाही. वाफेच्या खोल्यांमधली उष्णता मात्र वेगळी. वर सांगितलेला पाण्याचा दाब आणि ही उष्णता, दोन्हींचा विचार करून या सूचना वाचा.

हृदयाची पंप करण्याची ताकद कमी असेल, पायांवर सूज येत असेल, झोपल्यावर दम लागत असेल तर गळ्यापर्यंत पाण्यात उतरू नका. छातीकडे सरकलेले ते ७०० मिलिलिटर रक्त अशा हृदयाला झेपत नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा अँजिओप्लास्टी झाली असेल तर आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको.

रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांनी पाण्यातून झटकन उठू नये. पाण्याचा दाब अचानक जातो, उष्णतेने रक्तवाहिन्या आधीच फुललेल्या असतात, आणि चक्कर येऊन ओल्या फरशीवर पडायला होते. साठीनंतर मांडीचे हाड मोडणे हा सहलीतला किरकोळ अपघात नव्हे. कठड्याला धरून, दोन पायऱ्यांवर थांबत बाहेर या. वाफेची खोली टाळलेलीच बरी.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की उष्णतेने इन्सुलिन लवकर शोषले जाते. इंजेक्शन घेऊन, न जेवता वाफेत बसलात तर साखर एकदम खाली येऊ शकते. पोटात काही असू द्या, साखर तपासून जा, आणि बाहेर आल्यावर हाताशी राहील अशी गोड बिस्किटे ठेवा. पायांना बधिरपणा असेल तर अनवाणी चालू नका. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका.

ताप, जुलाब, उघडी जखम, त्वचेचा संसर्ग असेल तर तो दिवस गाव बघण्यात घालवा. पाणी नाकात जाईल अशी बुडी कोणीच मारू नये. मद्यपान करून तलावात जाऊ नये, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो.

आखणी कशी करावी

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून बाथ स्पा स्थानकाला रेल्वेने साधारण दीड तास लागतो. स्थानकापासून रोमन स्नानगृह दहा मिनिटांच्या, बऱ्यापैकी सपाट चालीवर आहे. रॉयल क्रेसेंट ही ३० घरांची अर्धवर्तुळाकार ओळ मात्र चढावर आहे. छातीत दुखणाऱ्यांनी, दम लागणाऱ्यांनी तिथे बसने किंवा टॅक्सीने जावे आणि उतरताना चालत यावे. जेवणानंतर लगेच थंड वाऱ्यात चढ चढू नये. रस्त्यांवर दगडी फरशा आहेत, पावसात घसरतात. नवे बूट तिथे पहिल्यांदा घालू नका.

पहिल्या दिवशी सकाळी रोमन स्नानगृह बघा आणि ते शिशाचे पत्रे शोधून वाचा. भेटीच्या शेवटी झऱ्याचे पाणी चाखायला मिळते. कोमट आणि क्षारांच्या चवीचे आहे. एक पेला प्यायल्याने काही बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही. पाणी मोजून प्यायला सांगितलेल्या हृदय व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तो पेला आपल्या हिशेबात धरावा. दुपारी विश्रांती, संध्याकाळी नदीवरचा पुल्टनी पूल. दुसऱ्या दिवशी क्रेसेंट, आणि खगोलशास्त्राची आवड असेल तर विल्यम हर्शेल यांचे घर. १७८१ साली त्यांनी तिथूनच युरेनस शोधला. स्पामध्ये जायचे असेल तर एक सत्र पुरे. लहान मुलांना मुख्य स्पामध्ये प्रवेश नसतो, म्हणून वयाची अट आधी पाहून ठेवा. नाताळाआधीच्या बाजाराच्या दिवसांत फार गर्दी असते, ज्येष्ठांनी ते आठवडे टाळावेत.

औषधे सामानाच्या बॅगेत न टाकता हातातल्या बॅगेत ठेवा. मुक्कामापेक्षा दोन आठवडे जास्तीची घ्या. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे लिहून घ्या, कारण आपल्याकडची ब्रँडची नावे तिथे कोणाला कळणार नाहीत. तिथली वेळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. दिवसातून एकदाची गोळी तिथल्या सकाळी घेतली तरी चालते, पण इन्सुलिनचे वेळापत्रक निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

प्रवास विमा काढताना जुने आजार लपवू नका. पर्यटकाला तिथल्या सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात उपचार मोफत मिळतात, पण दाखल करावे लागले की बिल सुरू होते आणि ते मोठे असते. लपवलेल्या आजारासाठी विमा कंपनी ते भरत नाही. तातडीसाठी ९९९ आणि वैद्यकीय सल्ल्यासाठी १११ हे क्रमांक मुलांच्या नव्हे, तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये ठेवा.

शेवटी

या पाण्याकडे रोमन माणसाने चोराला शिक्षा मागितली, अठराव्या शतकातल्या माणसाने गाऊटपासून सुटका मागितली, आपण गुडघे मागतो. पाण्याने प्रत्येकाला दिले ते साधारण एकच: थोडी ऊब, थोडी विश्रांती, रोजच्या धावपळीपासून सुटी. हे काही कमी नाही. तीस-पस्तीस वर्षे संसार आणि नोकरी केलेल्या जोडप्याने दोन दिवस शांतपणे एका सुंदर गावात फिरावे, याच्या आड मी डॉक्टर म्हणून कधीच येणार नाही. फक्त त्या दोन दिवसांतही सकाळच्या चहाबरोबर रोजची गोळी घ्यायची. आणि पाण्याचा गुण पाहायचाच असेल, तर गोळी चालू ठेवून, परत आल्यावर रक्तदाब आणि साखर मोजून पाहायचा. हेगार्थ यांनीही मोजूनच पाहिले होते.